अळवावरचे पाणी

मुलांनो, पावसाळ्यात अळूचे पान नीट पाहा. पाण्याचा थेंब पानावर पसरत नाही. तो मोत्यासारखा गोल होतो, इकडून तिकडे पळतो आणि पान जरा हलले की खाली पडतो. पान मात्र कोरडेच! म्हणूनच फार काळ न टिकणाऱ्या गोष्टीला 'अळवावरचे पाणी' म्हणतात.

असे का होते? सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर पानावर अतिशय बारीक उंचवटे दिसतात. त्यांवर मेणाचा थर असतो. उंचवट्यांमध्ये हवा अडकते आणि थेंब फक्त त्यांच्या टोकांवर टेकतो. त्यामुळे तो सहज घसरतो आणि धूळही बरोबर नेतो. कमळाच्या पानाचा हाच गुण बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडला.

पानाची ही युक्ती माणसाने उचलली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकाचे लेप तयार केले. सिलिका म्हणजे वाळूतील मुख्य पदार्थ. तांब्यावर असा लेप दिला, तर पाणी ठरत नाही आणि धातू खराब होण्यापासून वाचतो, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवले.

परभणी जिल्ह्यातील चुडाव्यासारख्या शेतीच्या गावात असे लेप कोठे उपयोगी पडतील, सांगा बरे! भिंतीवर दिला, तर पावसाचे पाणी आत मुरणार नाही. लोखंडी अवजारांना गंज कमी लागेल. सौरपंपाच्या काचांवरची धूळ पावसाबरोबर वाहून जाईल.

पण एक अडचण आहे. घासल्याने लेप झिजतो. पान वाढताना स्वतःचे मेण स्वतः तयार करते; लेपाला ते जमत नाही. काही लेपांत फ्लोरिनची रसायने असतात. ती माती-पाण्यात वर्षानुवर्षे राहतात. म्हणून टिकाऊ आणि निर्धोक लेपाचा शोध अजून चालू आहे. तो उद्या तुमच्यापैकीही कोणी लावील.

मराठवाड्यात पाणी मोलाचे आहे. अळूच्या पानावरून पडलेला थेंब मातीत मुरून मुळांना मिळतो. आपल्या छपरावरून घसरणाऱ्या पाण्यालाही विहिरीची वाट दाखवू या.

शब्दार्थ
उंचवटा – वर आलेला भाग
लेप – पातळ थर
मुरणे – आत शिरणे
निर्धोक – धोका नसलेला

स्वाध्याय
१. अळूच्या पानावर पाणी का ठरत नाही?
२. पानावरील मेण आणि माणसाने केलेला लेप यांत कोणता फरक आहे?
३. 'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.

उपक्रम : कागदाच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासा. दोन्ही भागांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. काय दिसले, ते चार ओळींत लिहा.