ओढण्याचा आकडा आणि पेलण्याचा आकडा

टावर चौक, फ्रीगंज, उज्जैन



घरच्या सात आसनी गाडीमागे राहता ट्रेलर जोडून, येत्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियास येणाऱ्या आईवडिलांना सिएरा नेवाडाचे डोंगर दाखवावेत, हा भाचीचा बेत सर्वांनाच पसंत पडला आहे. मात्र गाडी पाच हजार पौंड ओढते आणि ट्रेलर तेहतीसशेच पौंडांचा आहे, एवढ्या विक्रेत्याच्या हिशेबावर बयाणा देण्याची घाई भाचीने करू नये. त्या दोन आकड्यांपैकी एकही प्रवासाच्या दिवशी खरा नसतो, आणि कुटुंबाच्या गाडीची परीक्षा ज्या आकड्यावर होते तो या हिशेबात आलेलाच नाही.

ट्रेलरपासून आरंभ करणे बरे. माहितीपत्रकात छापलेले वजन हे रिकाम्या ट्रेलरचे असते, म्हणजे पाणी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शिधा, खुर्च्या, नळ्या आणि पुष्कळदा बॅटरीसुद्धा वगळून केलेले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे चाळीस गॅलनची टाकी भरली की तेवढ्यानेच दीडशे किलोंची भर पडते; गॅसच्या दोन लहान टाक्या, बॅटरी आणि सहा माणसांचा संसार मिळवला की तेहतीसशे पौंडांचा म्हणजे दीड हजार किलोंचा ट्रेलर एकोणीसशे-साडेएकोणीसशे किलोंपर्यंत सहज जातो. त्याच्या अंगावरच्या पट्टीवर आणखी एक आकडा असतो, तो सर्व सामानासह त्याला झेपणाऱ्या कमाल वजनाचा; खरेदीचा विचार करताना रिकामे वजन बाजूला ठेवून या कमाल वजनाशीच गाडीची सांगड घालावी.

आता गाडी. ओढण्याच्या क्षमतेचा आकडा पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने ठरवीत असे. अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, २००८ साली जे-२८०७ नावाचे मानक काढले आणि टोयोटाने २०११ च्या गाड्यांपासून ते सर्वांत आधी स्वीकारले, त्यामुळे निदान तुलना करणे शक्य झाले. परंतु या मानकात गाडीत फक्त चालक आणि एक सोबती, तेही प्रत्येकी ६८ किलोंचे, एवढेच धरलेले असतात. तिसऱ्या माणसापासून पुढचा प्रत्येक माणूस आणि डिकीतली प्रत्येक पिशवी ओढण्याच्या आकड्यातून वजा होते. भाचीच्या घरची चार माणसे आणि आईवडील मिळून ३५० किलो धरले, आणि विमानातून प्रत्येकी २३ किलोंच्या चार बॅगा आल्या (त्यात उज्जैनची शेव असणारच, ती हलकी असली तरी जागा फार खाते), तर पाच हजार पौंडांचे म्हणजे २,२७० किलोंचे सामर्थ्य गाडी हलण्याआधीच साडेएकोणीसशेंच्या आसपास येऊन ठेपते. ट्रेलरही तेवढ्याच वजनाचा झालेला आहे, हे वर दिसलेच.

तरीही खरी अडचण याहून निराळी आहे, आणि ती समजण्यासाठी माळव्यातल्या दोनचाकी ट्रॉलीइतके चांगले उदाहरण नाही. उज्जैनच्या मंडीत सोयाबीन घेऊन येणारी ही ट्रॉली आपला सगळा भार स्वतःच्या चाकांवर घेत नाही. पुढच्या दांड्यातून त्याचा काही भाग ट्रॅक्टरच्या मागच्या कडीवर उतरतो. पोती पुढे सरकवली की ट्रॅक्टरची मागची चाके जमीन घट्ट धरतात, फार पुढे सरकवली की पुढची चाके उचलली जाऊन सुकाणू निकामी होते, आणि पोती मागे रचली तर दांडाच वर उचलू पाहतो. शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. राहत्या ट्रेलरची रचनाही अशीच आहे, कारण त्याची चाके मध्याच्या थोडी मागे असतात आणि जोडाच्या गोळ्यावर, ज्याला तिकडे बॉल म्हणतात, एक उभा भार पडतो. त्यास टंग वेट म्हणतात. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी झाला तर महामार्गावर ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागते आणि ते झुलणे वाढत जाऊन शेवटी गाडीलाच फिरवते, म्हणून भार कमी करण्यासाठी सामान मागच्या बाजूला ढकलणे ही सर्वांत वाईट युक्ती होय.

साडेएकोणीसशे किलोंच्या ट्रेलरचे १३ टक्के म्हणजे सुमारे २५० किलो. पाच हजार पौंड ओढणाऱ्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांना जोडावर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच, म्हणजे पाचशे पौंड किंवा २२७ किलोंइतकाच, भार घेण्याची परवानगी असते. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेली पिवळी-पांढरी पट्टीही भाचीने वाकून वाचावी. माणसे आणि सामान मिळून अमुक किलोंच्या वर जाऊ नये, असे तिच्यावर स्पष्ट लिहिलेले असते, आणि जोडावरचा उभा भार याच खात्यातून खर्च होतो. या मर्यादेला पेलोड म्हणतात. समजा तो ६०० किलो आहे. सहा माणसांचे ३५०, जोडाचे २५०, आणि भार वाटून देणारी जोडणी बसवली तर तिचे चाळीस. एकही बॅग न ठेवता गाडी भरून ओसंडली. इंजिनाला अजून धाप लागलेली नाही, पण मागचे टायर, स्प्रिंग आणि आस यांची मर्यादा संपली आहे, आणि विक्रेता मात्र इंजिनाचीच तारीफ करीत असतो.

भार वाटून देणारी जोडणी म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. तिच्यातले लोखंडी स्प्रिंग-दांडे ताणून बसवले की गाडीच्या मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो, गाडी पुन्हा समतल उभी राहते आणि पुढच्या चाकांना पकड मिळते. मात्र तिने पेलोड वाढत नाही, आणि काही कंपन्या आपल्या गाड्यांवर ती बसवण्यास मनाई करतात. गाडीच्या पुस्तिकेतले ते पान आधी पाहिले पाहिजे.

या सर्वांचा उलटा हिशेब मांडला की उत्तर मिळते. जोडावर २२७ किलोच चालणार असतील आणि १३ टक्के हवे असतील, तर भरलेला ट्रेलर साडेसतराशे किलोंच्या वर जाता कामा नये, म्हणजे रिकामा तेराशेंच्या आत हवा. पाहून ठेवलेला ट्रेलर त्याहून दोनशे किलोंनी जड आहे. हलका ट्रेलर घेऊन आणि भार वाटणारी जोडणी न बसवताही पेलोडमध्ये जेमतेम तेवीस किलो उरतील, म्हणून बॅगा डिकीत न ठेवता ट्रेलरमध्ये, त्याच्या चाकांच्या वर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात आणि त्याच्या वजनात धराव्यात. हे फारच काटेकोर वाटत असेल तर आईवडिलांपैकी कोणी मागे राहणे हा पर्याय नाही. मोठी गाडी भाड्याने घेणे हा आहे.

घाटाबद्दल थोडेसे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के शक्ती गमावते, त्यामुळे सात हजार फुटांच्या वर असलेल्या, सिएरा नेवाडातल्या डॉनर घाटमाथ्यावर पाचवा हिस्सा गेलेला असतो. चढाची चिंता तरी कमी, गाडी हळू चढेल इतकेच. उतारावर खालचा गिअर लावून इंजिनाकडूनच वेग धरवावा, ब्रेक सतत दाबून तापवू नयेत. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक आणि गाडीत त्यांचे नियंत्रक असलेच पाहिजे, कारण ट्रेलर झुलू लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे असतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीस ताशी ५५ मैलांचीच मुभा आहे. ती जाच वाटू नये, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

सिंहस्थात माळव्यातली कुटुंबे शिधा आणि अंथरूण घेऊन ट्रॉलीतून क्षिप्रेकाठी येत आली आहेत, तेव्हा राहत्या ट्रेलरची कल्पना उज्जैनला अगदीच नवी नाही. पण ट्रॉली माणसांसाठी नसते, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कानपूरजवळ घाटमपूर येथे भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटून पंचवीसहून अधिक जीव गेले. अमेरिकेतही धावत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवू नये. मुलांनी कितीही हट्ट केला तरी सर्वांनी गाडीतच बसावे, आणि म्हणूनच त्यांचे वजन गाडीच्या खात्यात धरलेले आहे.

भरलेल्या ट्रेलरसह गाडी एकदा ट्रकतळावरच्या वजनकाट्यावर न्यावी. भार वाटणारे दांडे असल्यास या वेळी ते सैल सोडावेत. आधी जोडलेल्या अवस्थेत गाडीच्या दोन्ही आसांचे वजन घ्यावे, मग ट्रेलर सोडून तीच माणसे बसवून एकट्या गाडीचे. दोहोंतला फरक हाच जोडावरचा खरा भार. बयाण्याआधी दाराच्या पट्टीचे, जोडावरच्या मर्यादेच्या चिठ्ठीचे आणि ट्रेलरच्या पट्टीचे छायाचित्र उज्जैनला पाठवावे, म्हणजे बेरीज इथेही एकदा पडताळता येईल.

— मामा