पत्रा घालावा की शिंगल?

प्रश्न : घाटला गावात आमचे आजोबांच्या वेळचे बैठे घर आहे. पूर्वी कौले होती. ती उतरवून वडिलांनी सिमेंटचे पत्रे घातले. आता पत्र्यांना तडे गेले आहेत आणि दर पावसाळ्यात निळी ताडपत्री ओढावी लागते. यंदा छप्परच बदलायचे ठरवले आहे. पत्रेवाला रंगीत लोखंडी पत्रा घ्या म्हणतो. न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, ‘मामा, इकडे बहुतेक घरांवर डांबरी शिंगल असते, दिसते कौलासारखे आणि पावसाचा आवाजही येत नाही.’ चेंबूरच्या हवेत काय टिकेल?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : पत्रा घाला. मात्र पत्र्याचा रंग आणि कंपनी निवडण्यात जितका वेळ घालवाल, त्याच्या दुप्पट वेळ तो पत्रा कशावर बसणार आणि कशाने धरून राहणार, यावर घालवा. पत्र्याची छपरे मधोमध फारशी बिघडत नाहीत. ती स्क्रूपाशी, कडेला आणि भिंतीच्या सांध्यात बिघडतात.

भाच्याचे म्हणणे आधी घेऊ, कारण त्याच्या गावी ते बरोबर आहे. शिंगल म्हणजे काचतंतूंची पातळ चटई, तिच्यावर डांबराचा लेप आणि वरून रंगीत दगडी कच. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या हेन्री रेनॉल्ड्स यांनी 1903 च्या सुमारास डांबरी छपराच्या गुंडाळ्या कापून असे तुकडे करायला सुरुवात केली आणि पुढे अमेरिकेतल्या घरांवर तेच छप्पर रूढ झाले. तिथले घर लाकडी सांगाड्याचे असते. वाशांवर सलग प्लायवुड किंवा तशीच फळी ठोकलेली असते आणि तिच्यावर शिंगल खिळ्यांनी बसते. शिंगलला स्वतःचा ताठपणा नाही, खाली सलग फळी लागतेच. तुमच्या छपराखाली आहेत पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे दांडे, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. म्हणजे आधी प्लायवुडचे अख्खे छप्पर करायचे, त्यावर पाणी अडवणारा थर, मग शिंगल. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमट हवेत ते प्लायवुड खालून ओल धरणार, आणि एकदा ओल धरली की वाळवीला आमंत्रणच. वरून शिंगल छान दिसत असते, त्यामुळे आतली फळी कुजल्याचे कळते तेव्हा खिळे सुटायला लागलेले असतात.

दुसरी अडचण उताराची. आडव्या 3 फुटांमागे 1 फूट उतार हा शिंगलचा नेहमीचा हिशेब. त्याहून कमी असेल तर खाली जादा थर घालावा लागतो, आणि 6 फुटांमागे 1 फूट याहून कमी उतारावर शिंगल घालतच नाहीत. सिमेंटच्या पत्र्याला कमी उतार चालतो, म्हणून पत्रे घालताना अनेक घरांची आढी खाली आणली गेली. तुमच्या घराचा उतार आधी मोजा. कदाचित तिथेच निर्णय होईल. शिवाय गडद डांबरी छप्पर भर उन्हात 65 ते 70 अंशांपर्यंत तापते, उन्हाने डांबर कडक होऊन कच सुटते, आणि दमट हवेत शेवाळाचे काळे ओघळ पडतात. डांबरासाठी माहूलच्या रिफायनऱ्या शेजारी असल्या तरी आपल्याकडे शिंगल बहुतेक बाहेरून येते. चार तुकडे उडाले तर तसलेच चार मिळवणे अवघड.

एका ठिकाणी मात्र मी शिंगलच सुचवेन. लोणावळा-कर्जतकडे बंगल्यांना उतरता आरसीसी स्लॅब घालतात. खाली पक्का, न कुजणारा स्लॅब असेल तर त्यावर शिंगल चांगले बसते. भाच्याला हे जरूर कळवा.

आता पत्र्याकडे. चेंबूरची हवा लोखंडाला कठीण आहे. माहूल-तुर्भे पट्ट्यात 1950 च्या दशकात दोन रिफायनऱ्या आणि औष्णिक वीजकेंद्र आले, त्यानंतरच्या दशकात खताचा कारखाना आला, आणि एका बाजूला ठाण्याची खाडी. धुरातला गंधक आणि खाडीचा खारेपणा एकत्र आले की साध्या जस्ताच्या पत्र्यावरचा थर लवकर झिजतो. म्हणून नुसता ‘जीआय’ पत्रा घेऊ नका. ॲल्युमिनियम आणि जस्त यांच्या मिश्रणाचा थर असलेला, म्हणजे 55 टक्के ॲल्युमिनियम, थोडे सिलिकॉन आणि बाकी जस्त असा पत्रा मागा. थराचे वजन चौरस मीटरला 150 ग्रॅम हवे. बाजारात त्याला ‘एझेड 150’ म्हणतात. एकूण जाडी 0.50 मिमी. हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या आणि माल उतरवताना मायक्रोमीटर लावून बघा, कारण 0.50 सांगून 0.40 चा पत्रा खपवला जातो आणि उघड्या डोळ्यांना फरक कळत नाही. रंग फिका घ्या, तो ऊन परतवतो.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती सांगतो. मंगलोरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला 40 किलोंच्या आसपास भरते. सिमेंटचा पत्रा साधारण 13-14 किलो. लोखंडी पत्रा 4 ते 5 किलो. छप्पर हलके झाले म्हणून सगळे खूश होतात. पण छप्पर उचलते ते वारे. भारतीय मानकाने मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किमी धरला आहे. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला जवळजवळ 118 किलो होतो. आजूबाजूच्या इमारतींच्या आडोशाने तो कमी होईल, पण छपराच्या कडा आणि कोपऱ्यांवर वर ओढणारा जोर सगळ्यात जास्त असतो. त्यापुढे 5 किलो म्हणजे काहीच नाही. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात रायगडमध्ये गावेच्या गावे उघडी पडली, आणि 17 मे 2021 ला ‘तौक्ते’ जवळून गेले तेव्हा कुलाब्याला वाऱ्याने ताशी 100 किमीचा वेग ओलांडला.

म्हणून पत्रेवाल्याला असे विचारा : पत्रा पर्लिनला स्क्रूने धरला, पण पर्लिन कैचीला, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला, कशाने धरले? आणि कैची भिंतीला? जुन्या घरांत वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतात. कौलांच्या वजनाने ते जागचे हलत नसत. आता तिथे लोखंडी पट्टी आणि बोल्ट हवेत. हे काम वरून दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात ते बहुधा नसतेच. तुम्ही घालायला लावा. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींत स्क्रू दाट हवेत. ते पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, खळग्यात नाही. खळग्यातून पाणी वाहते. स्क्रूखालचे रबरी वॉशर किंचित फुगेल इतकेच आवळायचे. यंत्राने जोरात आवळले की वॉशर फाटते आणि पहिल्याच पावसात थेंब सुरू होतो.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांचे लोखंडी कण रंगात रुततात आणि तिथेच गंज उमटतो. भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यात गवंडी सिमेंट भरतो, तेही थांबवा. ओले सिमेंट ॲल्युमिनियमचा थर खाते आणि पत्रा तापून-निवून हलला की भेग पडतेच. तिथे वाकवलेली पत्र्याची पट्टी आणि सीलंट हवे. एसीच्या तांब्याच्या नळीवरून ओघळणारे पाणीही पत्र्यावर पडू देऊ नका. वळचणीखालचा भाग पावसाने धुतला जात नाही आणि खार तिथेच साचतो. वर्षातून एक-दोनदा त्यावर पाणी मारा.

आवाज आणि उकाडा पत्र्याला आहेच, पण दोन्हींवर उपाय एकच : पत्र्याखाली उष्णतारोधक थर, मग मोकळी जागा, मग सीलिंग. चकचकीत फॉइल लावणार असाल तर तिच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी ठेवा, नाहीतर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. आढ्याशी गरम हवा बाहेर पडायला वाट ठेवा.

पुन्हा कौलेच घालावीत असा विचार मनात आला असेल तर तो चुकीचा नाही. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगलोरला ही कौले भाजायला सुरुवात केली, आणि कोकणच्या पावसात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत. पण त्यांना बराच उतार, जाड वासे आणि वेळच्या वेळी शाकारणी लागते. शाकारणारा माणूस मिळत असेल तरच त्या वाटेला जा.

घराची उंची वाढवू नका आणि काम सुरू करण्याआधी तुमच्या वॉर्ड ऑफिसात लेखी विचारा. मुंबईत पाऊस पोचण्याची सरासरी तारीख 11 जून आहे; काम एप्रिलअखेर उरकेल असे बघा.

शेवटची गोष्ट जुन्या पत्र्यांची, आणि ती मनावर घ्या. त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड आहे तोवर फारसा धोका नाही. फोडला, कापला की त्याचे अदृश्य तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी उघड होतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी 40 वर्षे जपण्याचा आदेश दिला तो याचसाठी. म्हणून पत्रे हातोड्याने पाडू देऊ नका. ते आधी पाण्याने भिजवा, जे-हुकचे नट सोडून अख्खे उतरवा, कामगारांना चांगले मास्क द्या, त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. आणि निघालेले तुकडे मोरीवर, खुराड्यावर टाकायला शेजारी मागायला आला, तर कृपा करून देऊ नका.