रिपोर्टमधल्या एका ओळीबद्दल

सांगली

चि. प्राजक्तास,


तू पाठवलेला स्टूल रिपोर्ट नीट वाचला. ताईशीही बोलले. भात बंद, पोळी बंद, फळं बंद, दूध-दही बंद, इडली-डोशाचं तर नावही काढायचं नाही, आणि ड्रेस सगळे सैल झालेत, हे तिच्याकडून कळलं. फोनवर तू "हो मावशी, बघते" म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून हे पत्र.

तुझं पोट फुगतं, दोन घास जास्त झाले की जड वाटतं, दुपारी ऑफिसात बसवत नाही, यातलं काहीही खोटं किंवा मनाचं नाही. कुणी "टेन्शन घेतेस म्हणून होतं" असं म्हणून तुला वाटेला लावलं असेल, तर ते चुकीचंच झालं. तुझ्या त्रासाबद्दल मला शंका नाही. त्या त्रासाला कॅन्डिडा या बुरशीचं जे नाव चिकटवलंय त्याबद्दल आहे.

'यीस्ट सेल्स : प्रेझेंट'. ज्या ओळीवरून तुझ्या वेलनेस कोचने एवढं रामायण रचलं, ती ओळ मी नोकरीभर रिपोर्टांवर लिहीत आले. ती कशी लिहिली जाते ते सांगते. शौचाचा कणभर नमुना सलाइनच्या थेंबात कालवायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. लांबट-गोल, चकचकीत कडांच्या पेशी दिसतात. एखादीच्या अंगाला बारीकसा कोंब फुटलेला असतो, ती पेशी दोन व्हायच्या बेतात असते. दिसल्या की 'प्रेझेंट' लिहायचं. त्या कॅन्डिडाच्या आहेत की इतर कुठल्या यीस्टच्या, एवढंही त्या ओळीतून कळत नाही. ते ठरवायचं तर कल्चर लावावं लागतं. साबुरो अगारवर मलईसारख्या पांढरट वसाहती येतात, झाकण उघडलं की पावासारखा वास येतो. त्यातला ठिपकाभर उचलून सीरममध्ये घालायचा आणि ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवायचा. पेशीतून सरळ नळीसारखा अंकुर निघाला तर तो बहुतेक कॅन्डिडा अल्बिकन्स. इतकं करूनही त्या पेशी त्रास देतात की नुसत्याच राहतात, हे सांगता येत नाही. निरोगी माणसांपैकी कितीतरी जणांच्या तोंडात आणि आतड्यात कॅन्डिडा मुक्कामाला असतोच. शिवाय नमुना पहाटे डबीत घेतलेला, कलेक्शनवाला मुलगा नऊला येणार, लॅबला पोचेपर्यंत अकरा वाजणार. एप्रिलच्या उकाड्यात तेवढ्या वेळात डबीतलं यीस्ट वाढतच असतं. तुझी डबी किती वेळ पडून होती, आठवून बघ.

सकाळी पाण्याच्या ग्लासात थुंकून धागे खाली उतरतात का ते बघायची जी 'टेस्ट' तुला करायला लावली, तिच्याबद्दल एवढंच सांगते की लाळ घट्ट असली की ती खाली उतरते. रात्री पाणी कमी प्यालं, खोलीत एसी लावला की लाळ घट्ट होतेच. त्यातून बुरशी कळत नाही.

सगळं खापर कॅन्डिडावर फोडायची ही कल्पना आली कुठून तेही तुला ठाऊक असावं. अमेरिकेतल्या अलाबामाचे डॉ. ओरिअन ट्रस यांनी १९७८ मध्ये मांडलं की थकवा, डोकेदुखी, उदास वाटणं अशा अनेक तक्रारींच्या मुळाशी कॅन्डिडा असतो. १९८३ मध्ये डॉ. विल्यम क्रुक यांचं 'द यीस्ट कनेक्शन' हे पुस्तक आलं, प्रश्नावलीसकट. ती भरली की जवळजवळ प्रत्येक दमलेला माणूस 'पॉझिटिव्ह' निघावा, इतक्या सर्वसाधारण तक्रारी तिच्यात आहेत. तुझ्या कोचने पाठवलेली प्रश्नावली मला त्याच घराण्यातली वाटली. पुढे त्याच अलाबामातल्या संशोधकांनी ही गोष्ट रीतसर तपासली आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना हा आजार आहे असं मानलं जात होतं अशा ४२ स्त्रिया घेतल्या. त्यांना आलटून पालटून निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध आणि हुबेहूब दिसणारं बिनऔषधी औषध दिलं. कधी काय दिलंय हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि देणाऱ्यांनाही. योनिमार्गाच्या तक्रारी निस्टॅटिनने कमी झाल्या. ते बरोबरच आहे, तिथे कॅन्डिडा खरोखर त्रास देतो. पण थकवा, मरगळ या तक्रारींत निस्टॅटिन आणि बिनऔषधी औषध यांत लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्हींनी सारखंच बरं वाटलं.

निस्टॅटिनचा विषय निघालाच आहे तर एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, दुसरी रसायनतज्ज्ञ. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीला, आणि मातीचे नमुने, अर्क टपालाने इकडून तिकडे. १९५० मध्ये त्यांनी व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीत सापडलेल्या जिवाणूतून हे औषध जगापुढे आणलं. रॉयल्टीचे एक कोटीहून अधिक डॉलर्स आले, ते दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिले. लॅबमधल्या बाईला कुणी विचारत नाही असं मला तरुणपणी वाटायचं, तेव्हा त्या दोघींचा मला फार आधार होता. इतक्या कष्टाने मिळालेलं ज्ञान कुणी 'बुरशी मारायची' किटं विकायला वापरलं की राग येतो, तो या पत्रात उतरला असेल तर समजून घे.

आता, यीस्टचा आजार नसतोच असं मात्र मी म्हणत नाही. बाळाच्या जिभेवरचा दह्यासारखा थर, दम्याचा स्टेरॉइड इनहेलर ओढून चूळ न भरणाऱ्यांच्या तोंडातले पांढरे डाग, हे कॅन्डिडाचं काम. प्रतिकारशक्ती खालावली की तो अन्ननलिकेत उतरतो, घास गिळताना दुखतं. तिथे फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक दोन-तीन आठवडे द्यावंच लागतं. आयसीयूतल्या रुग्णाच्या रक्तात तो शिरला तर जिवावर बेततं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात कॅन्डिडा अल्बिकन्स आणि कॅन्डिडा ऑरिस दोन्ही आहेत. टेक्सासमधल्या एका ६१ वर्षांच्या गृहस्थांची हकिगत २०१३ मध्ये छापून आली. दारू न पिताच त्यांना चढायची, कारण आतड्यातलं यीस्ट पिठूळ अन्नापासून मद्य बनवत होतं. त्यांना दवाखान्यात ठेवून, खायला देऊन, रक्तातलं मद्य मोजून निदान झालं. असं निदान प्रश्नावलीने होत नसतं.

तुझ्या तक्रारींच्या जवळ जाणारीही एक गोष्ट आहे, आणि ती मी लपवणार नाही. लहान आतड्यात बुरशी वाढू शकते. अमेरिकेत ऑगस्टा इथले पोटविकारतज्ज्ञ डॉ. सतीश राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण न सापडणाऱ्या तक्रारींच्या १५० जणांच्या लहान आतड्यातला द्रव एंडोस्कोपीने काढून कल्चर केला. काहींच्यात जिवाणू वाढलेले सापडले, काहींच्यात कॅन्डिडा, काहींच्यात दोन्ही. नुसत्या लक्षणांवरून कुणात काय हे ओळखता येत नव्हतं. आणि ही वाढ कुणात जास्त दिसली? ज्यांच्या आतड्याची हालचाल मंद होती त्यांच्यात, आणि जे आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या घेत होते त्यांच्यात.

इथे जरा थांब आणि तुझ्या टेबलाचा खण उघड. पँटोप्राझोलची पट्टी असेल. सकाळी उठल्याबरोबर ती गोळी घ्यायची तुला सवयच लागलीय, ताई सांगत होती. मूळ कुणी लिहून दिली, किती दिवसांसाठी, हे तरी आठवतं का? जठरातलं आम्ल हे आलेल्या जंतूंना अडवणारं पहिलं दार आहे. त्यावर गेल्या हिवाळ्यात सायनससाठी एक आणि घशासाठी एक असे प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले, त्यातला दुसरा केमिस्टला विचारून. आतड्यातले नेहमीचे जिवाणू यीस्टला डोकं वर काढू देत नाहीत. प्रतिजैविकाने ते मरतात, यीस्टला काही होत नाही. तुझ्या आतड्यात यीस्ट वाढलंय असं घटकाभर धरलं, तरी उपाय या दोन ठिकाणी सुरू होतो. ही कारणं तशीच ठेवून वरून बुरशीनाशक घेतलं तर महिन्याभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. गोळी मात्र एकदम तोडू नकोस, आम्ल उसळून येतं आणि जळजळ दुप्पट होते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर.

तू म्हणशील, पथ्य सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस मला बरं वाटलं ना! वाटलंच असणार. कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, छोले, चवळी यांतल्या काही साखरा आणि तंतू आतड्यात पुरते शोषले जात नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाने यावरूनच एक आहारपद्धत घडवली. नाजूक आतड्याच्या लोकांना ती उपयोगी पडते. त्यात काही पदार्थ थोडे आठवडे बंद करतात आणि मग एकेक परत आणतात, कायमचं काही सोडत नाहीत. तुझ्या पथ्यात यांतले काही पदार्थ बंद झाले, म्हणून पोट हलकं झालं. बुरशी उपाशी मेली, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. साखरेचंच म्हणशील तर १९९९ मध्ये २८ निरोगी माणसांना मुद्दाम जादा साखर खायला घालून बघितलं होतं, त्यांच्या शरीरातल्या कॅन्डिडावर फारच थोडा परिणाम झाला. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. इडली-डोशाची भीती तर सोडूनच दे. पीठ आंबतं ते मुख्यतः जिवाणूंमुळे, आणि जे काही असतं ते वाफेवर आणि तव्यावर मरतं.

कोचचं ते किट सुरू केल्यावर मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं, आणि कोच म्हणाली की ही 'डाय-ऑफ' आहे, बुरशी मरतेय, चांगलं लक्षण आहे. ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते. औषधाने त्रास झाला तरी औषध बरोबर, बरं वाटलं तरी औषध बरोबर. मग ते चुकीचं आहे हे कळणार तरी कधी? सिफिलिससारख्या आजारात उपचार सुरू होताच जंतू मरून ताप येतो हे खरं आहे, वैद्यकात ते फार जुनं आणि नोंदलेलं आहे. आतड्यातल्या कॅन्डिडाबद्दल तसं सिद्ध झालेलं नाही. पुरळ आलं तर ती ॲलर्जी असू शकते. किट आजच बंद कर.

केमिस्टने दिलेल्या फ्लुकोनाझोलच्या कॅप्सूलही घेऊ नकोस. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, योग्य ठिकाणी रामबाण आहे. पण यकृतावर ताण येऊ शकतो, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, गरोदरपणात जपावं लागतं, आणि ते इतर औषधांशी भांडतं. घरात भाऊजींची मधुमेहाची ग्लिमेपिराइड आहे. सर्दी-पडशाची समजून त्यांनी यातली एखादी कॅप्सूल घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उरलेल्या पट्ट्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेव. अर्धवट आणि उगाच घेतलेल्या बुरशीनाशकांनी औषधाला दाद न देणारे कॅन्डिडा फोफावतात, ते वेगळंच.

आता करायचं काय? पोटविकाराच्या डॉक्टरांची वेळ घे आणि सगळं सांग, किटही, पँटोप्राझोलही, केमिस्टकडचं प्रतिजैविकही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ करून घे. शौचाची तपासणी पुन्हा कर, पण ताज्या नमुन्याची. जिआर्डिया हा परजीवी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही, आणि त्यानेही अगदी असंच पोट फुगतं. सिलिॲकची रक्ततपासणी सांगितली तर गहू बंद असल्याचं आवर्जून सांग, कारण पोळी खात नसताना ती खोटी नॉर्मल येऊ शकते. दूध पचतं का, तेही बघायला हवं. आणि हे तर ताबडतोब सांग: शौचातून रक्त पडलं, रात्री ताप येऊ लागला, गिळताना अडकलं, झोपेतून उठून शौचाला जावं लागलं. वजन उतरतंय ते पथ्याने की आजाराने, हेही त्यांनाच ठरवू दे. आपल्या देशात आतड्याचा क्षय विसरून चालत नाही. या सगळ्यातून काही निघालं नाही आणि डॉक्टरांना लहान आतड्यातल्या वाढीचा संशय आला, तर एंडोस्कोपीचा निर्णय ते घेतील. मग तिथे खरोखर कॅन्डिडा सापडला तर फ्लुकोनाझोल तेच लिहून देतील, आणि मग एकही डोस चुकवू नकोस.

तोवर जेव. मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, दुधी-पडवळ-दोडक्याची भाजी, केळं. ताक सोसतं का ते अर्ध्या वाटीने बघ. कांदा-लसूण काही दिवस राहू दे बाजूला. सावकाश जेव आणि जेवून लगेच लॅपटॉपपुढे बसू नकोस, दहा मिनिटं चाल. तुझ्या वयात वजन उतरत जाणं मला त्या यीस्टच्या ओळीपेक्षा कितीतरी जास्त काळजीचं वाटतं.

या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घे. आणि रिपोर्ट आले की कोचला पाठवण्याआधी मला पाठव.

तुझी,
सुमामावशी