वर्गात कोण कुठे बसते?

छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. या शहरातला जुना बाजार म्हणजे गुलमंडी. गुल म्हणजे फूल, मंडी म्हणजे बाजार. आता तिथे फुलांपेक्षा कापडाचीच दुकाने जास्त. सुपारी हनुमानाचे देऊळही इथेच. जून महिना आला की या बाजारात खेड्यापाड्यांतली माणसे दिसू लागतात. कोणी पोराला गणवेश घेतो, कोणी दप्तर.

गेल्या जूनमध्ये आम्ही तिथे एका दुकानाच्या पायरीवर टेकलो होतो. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जाणारे. बरोबर त्यांची मुलगी होती. ती बारावी पास झाली होती. आईबाप कारखान्यावर गेले की ती आजीपाशी राहायची, म्हणून तिची शाळा सुटली नाही. आता तिला कॉलेजात घालायचे होते. आम्ही मास्तर होतो हे बोलण्यात कळले, तसे ते गृहस्थ हळूच म्हणाले, "गुरुजी, पोरगी हुशार हाय. पण आम्ही जयभीमवाले. शहरातल्या पोरींत तिला नीट बसू देतील का?"

आम्ही म्हणालो, "अहो, आता कायदा आहे." म्हणालो खरे, पण हे उत्तर आमचे आम्हांलाच पुरेसे वाटेना.

शाळेत नाव घालणे ही एक गोष्ट. शाळेत बसणे ही दुसरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच पाहा. साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव होते. पटावर हजेरी लागत होती. पण बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. ते वर्गाच्या कोपऱ्यात टाकायचे आणि संध्याकाळी परत घरी न्यायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. हाच मुलगा १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत शिकायला गेला.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच असे. तसे नाही. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी होती. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी शाळांत ही वाटणी चालणार नाही. निकाल झाला. पण १९६० साली न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत निघाली, तेव्हा तिच्याबरोबर सरकारला आपली माणसे पहाऱ्याला द्यावी लागली. रस्त्यावर मोठी माणसे त्या पोरीला शिव्या देत उभी. गोऱ्या आईबापांनी आपली मुले वर्गातून काढून नेली. वर्षभर त्या वर्गात दोघीच होत्या. शिकवणारी बाई आणि शिकणारी रूबी.

आता आपल्या शहराकडे येऊ. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे आणि तिथे शिकवणे उर्दूतून चाले. गरिबाच्या पोराला ते कसे जमावे? बाबासाहेबांनी हे हेरले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे कॉलेज काढले. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. गुलमंडीहून पाणचक्कीकडे गेले की पुढे लागते. मिलिंद हा एक ग्रीक राजा. नागसेन नावाच्या भिक्षूला तो प्रश्नामागून प्रश्न विचारायचा. म्हणून कॉलेज मिलिंदाचे आणि परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजाला दिले, हे आम्हांला फार आवडते.

या कॉलेजात सर्व जातींच्या मुलांना दार मोकळे होते. पण आम्हांला त्याहून मोठी वाटते ती तिथली वसतिगृहे. खेड्यातल्या पोराला शहरात खोली कोण देणार? घरमालक आधी आडनाव विचारतो. खोली नाही तर कॉलेजही नाही. खोलीचा हा प्रश्न आजही सुटलेला नाही, बरे का.

मिलिंदचे एक प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. तिथले काळे लोक आपले दुःख कसे लिहितात, हे त्यांनी इकडच्या तरुणांना सांगितले. आपल्याकडची पोरेही मग लिहू लागली.

विद्यापीठाची हकीकत तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव १९७८ च्या जुलैत विधिमंडळात झाला. त्यावरून मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. पाटीवर नाव लागायला सोळा वर्षे गेली.

पण दुसऱ्यांची गोष्ट सांगून आम्ही सुटणार नाही. आमची स्वतःची सांगतो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि पुढे मुख्याध्यापक झालो. दरवर्षी शिष्यवृत्तीची यादी करावी लागे. आम्ही वर्गात जायचो आणि म्हणायचो, "सवलतीची पोरे उभी राहा." पोरे उभी राहत. बाकीची बसून त्यांच्याकडे बघत. आम्हांला त्यात काहीच वाटत नसे. एका वर्षी एक मुलगी उभी राहिली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. डोक्यावर सरपणाची मोळी तशीच होती. म्हणाली, "गुरुजी, पैसे बुडाले तरी चालतील. लेकराला असं उभं करू नका." सगळ्या मुलांची जात शाळेच्या रजिस्टरात लिहिलेलीच होती. कचेरीत बसून यादी करता आली असती. आम्ही किती वर्षे किती मुलांना उभे केले, त्याचा हिशेब आमच्यापाशी नाही.

हे सर्व मनात आले. मग आम्ही त्या गृहस्थांना सरळ सांगितले. मुलीला कॉलेजात घाला. त्रास होणारच नाही, असे आम्ही म्हणत नाही. २०१९ साली जळगावकडची डॉ. पायल तडवी ही आदिवासी मुलगी मुंबईत पुढचे डॉक्टरी शिक्षण घेत होती. तिने जीव दिला. जातीवरून छळ केल्याचा गुन्हा तीन डॉक्टरांवर दाखल झाला. म्हणून मुलीला घरी ठेवू नका. दर आठवड्याला फोन करा. जेवलीस का, एवढेच विचारू नका. शेजारी कोण बसते, कोणाबरोबर जेवतेस, हेही विचारा. काही झाले तर तिने ते तारखेसह लिहून ठेवावे आणि प्राचार्यांकडे लेखी द्यावे.

"आन् गावची शाळा?" त्यांनी विचारले. धाकटा अजून गावात पाचवीत होता.

गावच्या शाळेत तर तुमचा हक्क आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारांत तीन माणसे पालक असावी लागतात. निम्म्या बाया. मागास घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा. सभेच्या दिवशी जायचे. सहीसाठी रजिस्टर घरी आले तर वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि एखाद्या दिवशी दुपारच्या खिचडीच्या वेळेला, न सांगता जायचे. पंगत एक आहे की दोन, पाण्याला कोण हात लावतो, हे डोळ्यांनी पाहायचे.

मुलगी इतका वेळ गप्प होती. आता तिने विचारले, "वसतिगृहात नंबर नाही लागला तर?"

चांगला प्रश्न! सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. राहण्याजेवणाचे पैसे मुलीच्या बँकखात्यात येतात. त्याला जातीचा दाखला लागतो आणि उत्पन्नाचा. घरचे वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते.

जातीचा दाखला तिच्या पिशवीत होता. उत्पन्नाचा नव्हता. तो तहसीलीतून काढायचा राहिला होता. कापड घ्यायचे तसेच टाकून दोघे स्टँडकडे निघाले. तीनची गाडी मिळाली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळीच तहसीलीत अर्ज देता आला असता.