पाठ झालं, पण कळलं का?

मेढ्यात, आणि एकूणच जावळी तालुक्यात, कितीतरी घरांतला कर्ता माणूस पोटापाण्यासाठी मुंबईला किंवा वाशीच्या मार्केटात असतो. पोरांचा अभ्यास बघायचा तो आईनं, नाहीतर आजीनं. पोरगं सेमी इंग्रजीला गेलं की ती हमखास म्हणते, "आम्हाला कुठलं इंग्रजी येतंय? आम्ही काय अभ्यास घेणार?" ताई, या बोलण्यावरच मला तुमच्याशी बोलायचंय.

विज्ञान-गणिताच्या पुस्तकातलं इंग्रजी टीव्हीवर फारसं कानावर पडत नाही. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या अशा शब्दांची यादी केली. त्यात 570 शब्दकुटुंबं आहेत. फॅक्टर, प्रोसेस, डिफाइन, जस्टिफाय हे त्यातलेच. आपली मुलं त्यांची स्पेलिंगं दहा-दहा वेळा लिहितात, वही भरते. मग पेपरात 'जस्टिफाय' आलं की व्याख्या लिहून मोकळी होतात. कारण द्यायचं होतं हे त्यांना उमगतच नाही. उत्तर येत असताना मार्क जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

इथं तुम्ही लागता. पुस्तक मिटायला लावा आणि म्हणा, "आता मला मराठीत सांग." धडा कंडेन्सेशनचा असेल तर शिजत्या भातावरचं झाकण उचलून दाखवा. आतून थेंब कुठून आले? वाफ झाकणाला लागून निवली आणि तिचं पाणी झालं, एवढं त्याला सांगता आलं की शब्द त्याचा झाला. शिवाय सेमीच्या मुलाचा भूगोल मराठीतच असतो. तिथं हेच त्यानं सांद्रीभवन म्हणून वाचलेलं असतं, फक्त दोन्हींची गाठ कुणी घालून दिलेली नसते. ती घाला. अडखळला तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी सरांना, बाईंना विचारून यायला सांगा.

थोडं मोठं मूल असेल तर शब्दांची नाती शोधू द्या. थर्मास आणि थर्मामीटर त्याला माहीत असतात. दोन्हींतला 'थर्म' म्हणजे उष्णता, मूळ ग्रीक. मग थर्मल, एक्झोथर्मिक ही नावं बघून ते बिचकत नाही. मराठी प्रतिशब्द हवा असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मोबाइलवर फुकट बघता येतात. वहीत इंग्रजी शब्दाशेजारी तो लिहायला लावा, आणि खाली घरातलं एक उदाहरण, त्याच्याच शब्दांत.