खाली दुकान, वर घर : मुलांना आपत्ती-जोखमीची तोंडओळख

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. अफझलगंज येथील दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढलेले सुमारे दीडशे लोक मात्र बचावले. बेगम बाजारापासून हे स्थळ फार दूर नाही. शाळकरी मुलांना या विषयाचा पहिला पाठ तेथेच उभे करून द्यावा. अतिवृष्टी हा धोका. पूररेषेत वसलेली दाट वस्ती ही आपली दुर्बलता. दोहोंची गाठ पडते, तेव्हा आपत्ती ओढवते. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानुसार उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधण्यात आले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये तेथून पाणी सोडल्यावर महात्मा गांधी बसस्थानक जलमय झालेच. जोखीम कमी होते, नाहीशी होत नाही.

परंतु आपल्या वस्तीत मला पुरापेक्षा आगीचे भय अधिक वाटते. १८ मे २०२५ रोजी गुलजार हौजनजीक खाली दुकाने व वर बिऱ्हाड असलेल्या इमारतीस आग लागून १७ जण मृत्यू पावले. त्यांत ८ मुले होती. बेगम बाजारातील कितीतरी घरांची रचना अशीच आहे : खाली मालाची थप्पी, मधोमध एकच अरुंद जिना.

अशा आगीत ज्वाळांपेक्षा धूर अधिक बळी घेतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची वाट अडवतो. वजनाच्या मानाने मुले अधिक श्वास घेतात, त्यामुळे त्यांना तो लवकर बाधतो. ओला रुमाल काजळी अडवील, हा वायू नव्हे. शिवाय भ्यालेले मूल पलंगाखाली किंवा कपाटात दडते आणि शोधणाऱ्यास सापडत नाही. म्हणून ‘लपू नकोस, हाक मार’ हे त्याला आधीच शिकवावे लागते. धुरात जमिनीलगत रांगणे, बाहेर पडताना दार ओढून घेणे, दप्तरासाठी मागे न फिरणे आणि १०१ किंवा ११२ वर पत्ता सांगणे आठ वर्षांच्या मुलास सहज जमते. मात्र सराव हवा. नुसत्या व्याख्यानाने काही साधत नाही.

लसीकरणासाठी येणाऱ्या पालकांना आपण डॉक्टरांनी एवढेच विचारावे : जिना धुराने भरला, तर दुसरी वाट कोणती? बहुतेक घरी ती गच्चीतून शेजारच्या गच्चीवर जाते, आणि तेथे चोरांच्या भीतीने कुलूप असते. त्याऐवजी आतून मुलाच्या हाताला लागेल अशी कडी बसवून घ्यावी.