कानांत येणारे आवाज

उमरी भागातल्या एका शाळेत आम्ही शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. एक मुलगा फार हुशार. पावकी-निमकी घडाघडा म्हणायचा. अठराव्या वर्षी तो बदलला. आंघोळ सोडली. मित्र सोडले. रात्रभर जागा राहायचा. एकटाच पुटपुटायचा, मधेच हसायचा. आईने भाकरी वाढली की म्हणायचा, "यात विष कालवलंय."

आम्ही विचारले, "बाळ, कोणाशी बोलतोस?"

तो म्हणाला, "गुरुजी, ते लोक मला शिव्या देतात. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

गाव म्हणाले, भानामती झाली. बापाने अंगारे-धुपारे केले. दुभती म्हैस विकली. आणि शिकल्या-सवरल्या आम्ही काय सांगितले? "लग्न करून टाका, ठिकाणावर येईल." लग्न झाले. दुखणे होते तिथेच राहिले, आणि एका लेकीचे हाल झाले. ती चूक आमची.

या आजाराला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. मराठीत छिन्नमनस्कता. शब्द अवघड आहे, दोनदा वाचा म्हणजे येईल. शंभरांत साधारण एखाद्याला हा आजार होतो. बहुधा ऐन तरुणपणी होतो. रोगी सोंग करीत नाही. आवाज त्याला खरेच ऐकू येतात.

असे का होते? आपल्या मेंदूत बारीक पेशी आहेत. त्या एकमेकींना निरोप देतात. निरोप नेणारी रसायने असतात, त्यांतले एक डोपामिन. त्याचा तोल बिघडला की भलतेच निरोप जातात. मग कोणी बोलत नसताना बोलणे ऐकू येते. घराण्यात कोणाला आजार असेल तर धोका वाढतो. कोवळ्या वयात गांजा ओढला तरी वाढतो. एकच एक कारण मात्र सापडलेले नाही. आईच्या लाडाने किंवा कोणाच्या शापाने हा आजार होत नाही.

शिकलेल्या घरांतही तो येतो. धुळे जिल्ह्यातले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो लपविला नाही. अशा कुटुंबांसाठी त्यांनी पुण्यात संस्था काढली. त्यांच्या पुढाकाराने २००४ साली 'देवराई' हा सिनेमा निघाला. त्यात अतुल कुलकर्णी रोगी झाले आहेत. मिळाला तर जरूर पाहा.

या आजारावर औषध आहे. पहिले औषध १९५२ साली पॅरिसमध्ये वापरले गेले. पुढे आणखी निघाली. गुण यायला काही आठवडे लागतात. आमच्या विद्यार्थ्याला दोन वर्षे वाया घालवून डॉक्टरकडे नेले. दीड महिन्यात आवाज कमी झाले. "बरा झालो," म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या, तर आवाज परत आले. आता त्याची बायको रोज रात्री गोळी हातावर ठेवते. तो शेतात जातो, बाजार करतो. कधीमधी आवाज येतात. "येऊ द्या, गुरुजी," म्हणतो.

उमरीहून रेल्वेने नांदेडला जाता येते. तिथे विष्णुपुरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मोठा दवाखाना आहे. जाणे जमत नसेल तर १४४१६ हा नंबर फिरवा. पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, आणि मराठीत बोलता येते.